तिसरे भोक

कारखान्यात तिला सगळे 'गिरमिट' म्हणत. हे नाव तिच्या कामावरून पडले की स्वभावावरून, याविषयी दोन पक्ष होते आणि दोघांकडेही भरपूर पुरावा होता. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की जी बाई एकतीस वर्षे शिंपल्याच्या चकत्यांना दोन-दोन भोके पाडत आली, तिला दुसरे काय म्हणणार. दुसरा पक्ष एवढेच सांगे, की तिने एकदा "हे असं का?" म्हणून विचारले, की उत्तर आरपार निघेपर्यंत ती थांबत नाही. तोंडावर हे नाव कोणी घेत नसे. पण तिला ते ठाऊक होते, आणि एखाद्या दिवशी तिला ताप आला नि नेमका ड्रिलचा पट्टाही तुटला, तर "आज दोन्ही गिरमिटं बंद," असे ती स्वतःच कळवीत असे.

बंदरामागच्या गल्लीतला तो बटणांचा कारखाना म्हणजे एका ओळीतल्या चार खोल्या. पहिल्या खोलीत पाण्याच्या धारेखाली शिंपल्यातून गोल चकत्या कापल्या जात. दुसऱ्या खोलीत चकत्यांची खडबडीत पाठ घासून सपाट होई. तिसऱ्या खोलीत त्यांना भोके पडत. आणि अंगणातल्या पिंपात घोळून चकाकत आलेली बटणे चौथ्या खोलीतल्या बायका पुठ्ठ्यांवर टाचत. सगळीकडे शिंपल्याची पांढरी भुकटी उडे. त्यामुळे सकाळी तरुण असलेली माणसे दुपारच्या डब्यापर्यंत भुवया पिकलेले आजोबा नि आजी होत, आणि संध्याकाळी नळावर तोंड धुऊन पुन्हा आपापल्या वयावर येत.

तिसऱ्या खोलीत ड्रिल तीन होती आणि खिडकी एक. त्या खिडकीजवळची जागा गिरमिटची. ती वाऱ्यासाठी नव्हती, कामासाठी होती. कारखान्याचा जुना दंडक असा, की भोक पाडण्याआधी प्रत्येक चकती उजेडात धरून पाहायची. शिंपल्यातून थोडा उजेड पलीकडे येतो. त्याच्या पोटात चीर, डाग किंवा किडीचे बीळ असेल, तर ते बोटाला लागत नाही, पण उजेडापासून लपत नाही. म्हणून खोलीतल्या तिघींच्याही चकत्या आधी खिडकीशी येत. गिरमिट एकेक चकती चिमटीत धरून डोळ्यांसमोर नेई, चांगली उजवीकडे टाकी, वाईट डावीकडे, आणि मगच इतर दोघींना त्यांचा वाटा मिळे. माणसाला समाजात जागा असते असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा काहीतरी अमूर्त बोलत असतो. तिच्या बाबतीत ही जागा बोटाने दाखवता येत होती: एक स्टूल, एक लाकडी ताट, आणि चार काचांची खिडकी. ती मिळायला एकोणीस वर्षे लागली होती. सुट्टीच्या आदल्या दिवशी ती काचा स्वतः पुसून जाई, आणि सुट्टीनंतर आल्याबरोबर त्यांवर कोणाची बोटे उमटली आहेत का, ते पाही.

घरी ती आणि तिची नणंद अशा दोघीच. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली त्याची बहीण मागे राहिली. दोघींचे एकमेकींशी इतके जमे, की शेजाऱ्यांना ते भांडण वाटे. गेला महिनाभर त्यांच्या संध्याकाळच्या बोलण्याला एक ठरलेला विषय होता. कारखान्यासमोरच्या घराच्या दर्शनी भिंतीवर एक गवंडी फरश्या बसवत होता, आणि त्या फरश्यांची रांग दिवसेंदिवस डावीकडे उतरत चालली होती.

"आज किती उतार, वहिनी?" चहा गाळता गाळता नणंद विचारी.

"चार बोटं. दोरी खिशात ठेवतो मेला. भिंतीला लावत नाही."

"त्याला सांगा की."

"मी का सांगू? ज्याचं काम त्यानं बघावं."

हे वाक्य ती फार ठामपणे म्हणे.

एका सोमवारी सकाळी मुकादमाने तिला तिसऱ्या खोलीच्या कोपऱ्यातल्या आपल्या टेबलाशी बोलावले. बारा वर्षांपूर्वी हा मुकादम याच खोलीत तिच्या हाताखाली शिकला होता, आणि त्या काळी ती त्याला 'अरे' म्हणत असे. तो मुकादम झाल्यापासून ती त्याला 'अहो मुकादम' म्हणू लागली होती, आणि या बढतीची शिक्षा त्याला रोज थोडी थोडी भोगावी लागत होती.

"ताई, जरा बसा."

"अहो मुकादम, मी दिवसभर बसलेलीच असते. उभं राहण्यासारखं काही असेल तर सांगा."

त्याने कागदाची पुडी उलगडून टेबलावर बटणे पसरली. कोटाची मोठी बटणे होती, एक्केचाळीस. प्रत्येकाला दोन भोके जिथे असायला हवीत तिथे होती. आणि त्याशिवाय एक तिसरे, कुणाच्या कपाळावर, कुणाच्या गालावर, बऱ्याच जणांच्या नेमके दोन डोळ्यांखाली. टेबलावरून एक्केचाळीस चेहरे तोंडाचा चंबू करून तिच्याकडे आश्चर्याने पाहत होते.

"शिंप्यानं परत पाठवलीत," मुकादम म्हणाला. "पहिल्या धुण्यापर्यंत ठीक होती म्हणे. दुसऱ्या धुण्यात भोकातलं काहीतरी पडलं, आणि हे असं."

"माझी नव्हेत ही भोकं."

"ताई, माल तिसऱ्या खोलीचा आहे. आणि भोकं पडायला आपल्याकडे दुसरी खोली नाही."

तो काय म्हणत नव्हता, ते तिला बरोबर ऐकू आले. ड्रिलचा बिट घसरून भोक भलत्या जागी पडले, तर लाखेत शिंपल्याची भुकटी कालवून ते बुजवायची एक चोरटी युक्ती या धंद्यात आहे. कारखान्यात तिला 'औषध देणे' म्हणत. औषध दिलेले बटण नव्यासारखे दिसते, आणि गरम पाण्यात एक-दोनदा गेले की त्याचा आजार उघडा पडतो. ड्रिलवर बसलेल्या प्रत्येकाने आयुष्यात केव्हातरी एखाद्या बटणाला औषध दिले होते. गिरमिटने कधीच दिले नव्हते. इतकेच नव्हे, इतरांनी दिलेले ओळखून, तसली बटणे सगळ्यांदेखत हातोडीखाली फोडायला लावणारी तीच होती. त्यामुळे ही बातमी चारही खोल्यांत पोचली तेव्हा कोणाला आनंद झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्या दिवशी डबा सगळ्यांनाच जरा जास्त गोड लागला.

"डोळ्यांचं वय होतं, ताई," मुकादम हळू आवाजात म्हणाला. "एखाद्या वेळी हात चुकतो. मग माणसाला वाटतं, कोणाला कशाला कळायला हवं."

"चुकला असता, तर मी सांगितलं असतं."

"मग हे काय आहे?"

"मला माहीत नाही."

एकतीस वर्षांत हे तीन शब्द तिने त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारले. मुकादमालाच ते ऐकवेनात. त्याने शनिवारपर्यंत मुदत दिली. तोवर उलगडा झाला नाही, तर ती चौथ्या खोलीत पुठ्ठ्यांवर बटणे टाचायला जाईल आणि खिडकी दुसऱ्या ड्रिलवालीकडे जाईल. चौथ्या खोलीचे काम हलके असते, हेही तो म्हणाला. हे त्याने म्हणायला नको होते.

संध्याकाळी ती एक बटण घरी घेऊन आली. दोघी नणंद-भावजया खिडकीपाशी भिंग घेऊन बसल्या.

"हे बघा, वन्सं. ही माझी भोकं. दोन्हीकडून सारखी रुंद, नळीसारखी. कडेला बिटाचे बारीक ओरखडे. आणि हे तिसरं बघा. पाठीकडून रुंद, पोटाकडे येताना निमुळतं, आणि कड कशी? चाटून गुळगुळीत केल्यासारखी."

नणंदेने भिंगातून बराच वेळ पाहिले. "म्हणजे बटणं चाटणारा माणूस शोधायचा."

"माझी खिडकी जातेय आणि तुम्हाला थट्टा सुचतेय."

"थट्टा कुठं करतेय? तुम्हीच म्हणालात, चाटलंय. माझ्या नोकरीत एवढं शिकले, की आवाज कुठून येतोय ते कळत नसेल, तर तारेच्या दुसऱ्या टोकाला जावं."

तारेचे दुसरे टोक म्हणजे शिंपले. मंगळवारी सकाळी कारखाना उघडण्याआधीच गिरमिट अंगणात पोत्यांपुढे उकिडवी बसली. एकतीस वर्षे शिंपल्याशी तिचा संबंध होता, पण तो चकती झाल्यानंतरचा. अंगावर शेवाळ, माती आणि वास असलेला अख्खा शिंपला तिने क्वचितच हातात घेतला होता. श्रमाची विभागणी म्हणतात ती हीच: एका वस्तूच्या मागे सगळे आयुष्य घालवूनही माणसाला तिची फक्त एक बाजू भेटते. पाऊण तासात तिला बाहेरच्या अंगाला खड्डे असलेले नऊ शिंपले सापडले. खड्डे वाटोळे, मोहरीपेक्षा थोडे मोठे, तोंडाशी रुंद. काही आरपार होते, तर काही अर्ध्यातच सोडून दिलेले, आणि त्या अर्ध्या खड्ड्यांत चुन्याचा कठीण थर बसला होता.

शिंपले आणून टाकणारा पाणबुड्या तेवढ्यात नवी पोती घेऊन आला. तिने एक शिंपला त्याच्या नाकासमोर धरला.

"हे कुणी केलं?"

त्याला ओळखायला क्षणही लागला नाही. ओल्या पोत्यात हात घालून त्याने अंगठ्याच्या नखाएवढा एक राखी शंख काढला. त्यावर उभ्या धारा होत्या, तोंड एका बाजूला पन्हळीसारखे निमुळते होते, आणि आत दार लावून कोणीतरी बसले होते.

"ही बया. समुद्रातली गोगलगाय. शिंपल्यावर बसते नि तीन-तीन, चार-चार दिवस हलत नाही. जिभेला कानस असते हिच्या. आंबट थुंकी लावायची, शिंपला मऊ करायचा, नि कानस फिरवायची. पुन्हा थुंकी, पुन्हा कानस. भोक पडलं की सोंड आत घालून सगळा खाऊन टाकते."

"आणि अर्ध्यात सोडते ती?"

"लाट आली, कोणी हुसकलं, की उठून जाते. तिचेही काही कमी हाल नाहीत, बाई."

गिरमिट तो शंख तळहातावर घेऊन उभी राहिली. जगात आपल्या धंद्यातले आणखी कोणी आहे, आणि ते चार दिवसांत एक भोक पाडते, ही बातमी पचवायला तिला थोडा वेळ लागला. ती स्वतः दिवसाला चार हजार पाडत असे.

मुकादमाने सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली. "ताई, दुसरं काहीही सांगा. गोगलगाय शिंपल्याला भोक पाडते? जिला हाडही नाही?"

"जिभेला हाड नसूनच तर लोक सगळं करतात, अहो मुकादम."

"दाखवा मग."

"दाखवते," ती म्हणाली.

म्हणायला हे सोपे होते. तिने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत समुद्राचे पाणी भरले, पाणबुड्याने दिलेला एक जिवंत छोटा शिंपला तळाशी ठेवला, त्यावर गोगलगाय ठेवली आणि बरणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडली. गोगलगाय शिंपल्यावरून उतरली, काचेवरून चढून बरणीच्या तोंडाशी गेली आणि तिथे दार लावून बसली. बुधवारी सकाळी ती तिथेच होती. पाणी शिळे नको म्हणून दोघी आळीपाळीने धक्क्यावर जाऊन बाटलीतून ताजे आणत होत्या. दुपारी बरणीला सावली हवी म्हणून ओट्यावरचे डबे हलवले गेले. शिंपला आवडला नसेल या शंकेने दुसरा आणला गेला.

"हे जावईबापू आहेत," बुधवारी संध्याकाळी नणंदेने निकाल दिला. "बसायला उंच जागा, ताजं पाणी, समोर ताट वाढलेलं. आणि कामाचं नाव काढलं की दार बंद."

"उद्या गुरुवार, वन्सं."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"बोला. तुमचा आवाज ऐकून लोक फोन ठेवून द्यायचे. निदान जागचा हलेल."

नणंद खरोखरच बरणीवर वाकली आणि खात्यातल्या जुन्या कमावलेल्या आवाजात म्हणाली, "जावईबापू, आमच्या वहिनींची खिडकी तुमच्या हातात आहे. तुम्हाला हात नाहीत हे आम्हाला माहीत आहे. तरी बघा काही जमलं तर." गिरमिटला हसू आले, आणि हसता हसता तिने तोंड फिरवून डोळ्याला पदर लावला. नणंदेने ते पाहिले नाही, असे दोघींनी ठरवले.

गुरुवारी सकाळी गोगलगाय शिंपल्यावर होती. रात्री केव्हा उतरली, कोणाला कळले नाही. तिने पाऊल पसरून शिंपला घट्ट धरला होता आणि वरून पाहणाऱ्याला ती केवळ बसलेली दिसत होती. गिरमिटने बरणी दोन्ही हातांत धरून, पाणी हिंदकळू न देता, सगळी गल्ली चालत पार केली आणि मुकादमाच्या टेबलावर ठेवली.

"काम सुरू आहे," ती म्हणाली.

मुकादमाने वाकून पाहिले. मग दुसऱ्या बाजूने पाहिले. मग काचेला कान लावला. "काही ऐकू येत नाही."

"चांगल्या कामाचा आवाज होत नाही."

त्यानंतरचे दोन दिवस कारखान्यात फारसे काम झाले नाही, कारण सगळ्यांना काम पाहायचे होते. चारही खोल्यांतली माणसे काही ना काही निमित्त काढून बरणीपाशी येत, कमरेवर हात ठेवून उभी राहत, आणि काहीही घडत नसल्याचे एकमेकांना समजावून सांगत. पहिल्या खोलीतल्या कापणाऱ्याने पैज लावली, की गोगलगाय मेली आहे. चौथ्या खोलीतल्या बायकांपैकी एकीने सहानुभूतीने विचारले, की हिला जेवायची सुट्टी असते का. दुसरी म्हणाली, "ही जेवायलाच तर बसलीय. आधी भोक, मग जेवण, आपल्यासारखंच आहे." जी माणसे सोमवारी गिरमिटच्या पडतीवर मनातून सुखावली होती, ती शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गोगलगायीच्या बाजूची झाली होती. न्यायबुद्धीपेक्षा कुतूहल अधिक वेगाने पसरते. आणि पुष्कळदा पहिलीला दुसऱ्याच्या पाठीवर बसूनच यावे लागते.

शनिवारी दुपारी सगळ्यांदेखत गिरमिटने बरणीत हात घातला आणि गोगलगाय शिंपल्यावरून हळूच सोडवली. तिच्या पावलाखाली एक वाटोळा, ताजा, पांढराशुभ्र खड्डा होता. तो तोंडाशी रुंद, तळाशी निमुळता होता, आणि त्याची कड चाटून गुळगुळीत केल्यासारखी होती. मुकादमाने भिंगातून आधी खड्डा पाहिला, मग परत आलेले बटण पाहिले, मग पुन्हा खड्डा. पाणबुड्याने सांगितलेल्या अर्धवट खड्ड्यांची गोष्ट तिने चार वाक्यांत मांडली: अर्ध्यात सुटलेला खड्डा, वर्षानुवर्षे त्यात बसलेला चुना, घासताना त्याच्यासकट सपाट होऊन तळाशी नुसता पापुद्रा उरलेली चकती, आणि शेवटी धोब्याच्या गरम पाण्यात पापुद्र्यासकट पडलेले बूच. लाख नव्हती, औषध नव्हते. बिट घसरला नव्हता.

"ताई," मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मी चुकलो."

कोणीतरी टाळी वाजवली. मुकादमाला मोकळे मोकळे वाटत होते. आणि मोकळे वाटणारा माणूस जरा अधिक काम करून टाकतो. त्याच गठ्ठ्यातल्या, भोके न पाडलेल्या काही चकत्या अजून फळीवर होत्या. "यातही असतील असली बुचं," असे म्हणत त्याने मूठभर उचलल्या, खिडकीशी गेला, आणि पहिलीच चकती उजेडात धरली.

चकतीच्या मधोमध एक काळपट ठिपका होता. मोहरीएवढा, स्पष्ट. त्याला चष्मा लावावा लागला नाही.

त्याने दुसरी धरली. दोन सोडून तिसरीत पुन्हा ठिपका. त्याच्या हाताची गती मंद झाली. आणि खोलीतले जे लोक आयुष्यभर चकत्या हाताळत आले होते, त्यांना ही मंद झालेली गती वाचता येत होती. भोके गोगलगायीची होती हे सिद्ध झाले. पण ती खिडकीतून पुढे गेली कशी?

गिरमिटने एक चकती हातात घेतली. ठिपका तिलाही दिसला. तो एखाद्या आंधळ्यालाही दिसला असता.

मुकादमाने खोलीतल्या सगळ्यांना आपापल्या कामाला पिटाळले. मग खाली पाहत, शिकाऊ होता तेव्हाच्या आवाजात म्हणाला, "त्या आठवड्यांत ढग होते ना, ताई? उजेड बरा नव्हता. मला आठवतंय."

तो तिला एक दार उघडून देत होता. पलीकडे तिची खिडकी होती, तिचे स्टूल होते, सगळ्यांदेखत नुकतेच परत मिळालेले नाव होते. नुसते "हो" म्हटले की झाले. हेही एक औषधच होते, आणि द्यायला मुकादम स्वतः तयार होता.

"नव्हते ढग," ती म्हणाली. "लख्ख ऊन होतं. फरशा इतक्या चमकत होत्या, की डोळे दिपायचे."

"कसल्या फरशा?"

तिने खिडकीबाहेर बोट दाखवले. समोरच्या भिंतीवर निळ्या फरश्यांच्या अकरा रांगांपैकी खालच्या दोन सोडून बाकीच्या डावीकडे उतरत गेल्या होत्या. भिंत खांदा पाडून उभी असावी तशी दिसत होती.

"तिसऱ्या रांगेपासून चुकलं त्याचं. मला बघवेना. मी चकती वर धरायची, आणि चकतीच्या कडेवरून भिंतीकडे बघायची. महिनाभर. हात आपला सवयीनं चांगली उजवीकडे टाकत होता. डोळे चांगले आहेत रे माझे. फार चांगले आहेत. पलीकडचा उतार मी बोटांत मोजत होते."

तिने त्याला 'रे' म्हटले, हे दोघांच्याही लक्षात आले.

मुकादमाने एक डोळा मिटून भिंतीसमोर बोटे धरली. "चार बोटं आहे," तो म्हणाला.

"आता पाच. काल शेवटच्या रांगेत आणखी एक बोट घालवलं त्यानं."

"ताई, या खिडकीचं काय करायचं, तुम्हीच सांगा."

तिने उत्तर आधीच तयार ठेवले असावे, किंवा मग ते त्या काचांतच होते. "उजेड वरच्या दोन काचांतून येतो. रस्ता खालच्या दोन काचांतून दिसतो. खालच्या दोन पांढऱ्या रंगवून टाक. आणि एक महिना माझ्या चकत्या दुसऱ्या ड्रिलवालीनं पुन्हा बघायच्या. माझ्यासमोर. महिन्यात एक जरी ठिपका तिला सापडला, तर मी चौथ्या खोलीत."

"एवढं कशाला?"

"मी लोकांची बटणं हातोडीखाली फोडायला लावली आहेत."

त्यातली पुष्कळशी मुकादमाची स्वतःची होती.

संध्याकाळी दोघी नणंद-भावजया बरणी घेऊन धक्क्यावर गेल्या. साक्षीदाराला घरी सोडायचे होते. पण तिथे पोचल्यावर गिरमिट दगडापाशी थबकली. या सगळ्या खटल्यात शिंपल्याचे म्हणणे कोणी विचारलेच नव्हते. त्याच्या पाठीवर पुरावा खोदला जात असताना तो बिचारा आत मिटून बसला होता, आणि आणखी एक-दोन दिवसांत तो खटला जिंकणाऱ्यांच्या बाजूने संपला असता.

"दोघांना एकत्र सोडू नका, वहिनी. जावयाचं पोट भरेल, पण सासऱ्याचं काय?"

म्हणून गोगलगाय धक्क्याच्या एका टोकाला सोडली आणि शिंपला दुसऱ्या टोकाच्या दगडांत, अर्ध्या खड्ड्यासह. न्याय झाला असे कोणालाच म्हणता आले नसते. गोगलगायीची दोन दिवसांची मेहनत वाया गेली होती आणि शिंपल्याच्या पाठीला भगदाड पडता पडता राहिले होते. पण दोघेही सुटले होते. कधी काळी तो शिंपला चकती होऊन कोणाच्या तरी खिडकीशी येईल, तेव्हा त्या खिडकीशी बसलेल्या माणसाने उजेडाकडे पाहावे, एवढीच व्यवस्था यापुढे माणसाच्या हातात होती.

सोमवारी काचा रंगवायला माणूस हवा होता. मुकादमाने फार विचार केला नाही. समोरच्या घरी गवंडी होताच आणि त्याच्याकडे चुना होता. तो बादली नि ब्रश घेऊन तिसऱ्या खोलीत आला, गिरमिटला पाहिले आणि दारातच थांबला.

"तुम्हीच होय त्या?"

"कोण त्या?"

"खिडकीतल्या. महिनाभर माझ्याकडे टक लावून बसलेल्या. मला वाटलं, घरमालकानं नेमलंय तुम्हाला. मी फरशी लावली की तुम्ही मान हलवायच्या. तुम्ही मान हलवली, की माझा हात हलायचा." त्याने बादली खाली ठेवली. "पहिल्या दोन रांगा बघा की. सरळ आहेत. तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं."

खोलीतल्या दोन्ही ड्रिलवाल्यांनी आपापली मशिने बंद केली, म्हणजे पुढचे नीट ऐकू यावे.  गिरमिटने उठून त्याला जागा करून दिली, आणि तो रंगवत होता तेवढा वेळ ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तरीही रेघ तिरकी आली. वरच्या स्वच्छ काचा आणि खालच्या पांढऱ्या काचा यांच्या मधल्या पट्टीवर चुना चढला होता, आणि तो डावीकडे दोन बोटे उतरला होता. मुकादम म्हणाला, पुसून पुन्हा करून घेऊ. ती म्हणाली, राहू दे.

त्या संध्याकाळी नणंदेने चहा गाळता गाळता विचारले, "आज किती उतार?"

गिरमिटने कपबशी पुढे ओढली. "आज चार हजार एकशे साठ चकत्या बघितल्या. बावीस डावीकडे टाकल्या. दुसरीनं सगळ्या पुन्हा बघितल्या, तिला एकही सापडली नाही."

"मी उताराचं विचारलं."

"दोन बोटं," गिरमिट म्हणाली, आणि तिने चहा बशीत ओतला.